मदत हवी आहे: तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये पडद्यावर दाखवलेली २०१८ ची मॅच, कोणाच्या ओळखीत इराणी मैत्रीण आहे का?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात आमच्याकडे मुलींची फुटबॉल टीम आहे आणि त्यांच्यासाठी मी एक छोटा कार्यक्रम करतेय, विषय २० जून २०१८ चा इराण-स्पेन वर्ल्डकप सामना. मॅच होती रशियात, कझानला, पण तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये मोठ्या पडद्यावर दाखवणार होते आणि जवळपास चाळीस वर्षांनी बायकांना आत सोडणार होते. ऐनवेळी गेट बंद! लोक बाहेरच ठाण मांडून बसले, शेवटी दारं उघडली, आणि मग मैत्रिणी मैत्रिणी झेंडे घेऊन, गाल रंगवून, भोंगे वाजवत आत. इराण १-० हरलं, त्यांचा एक गोल व्हीएआरने (म्हणजे पंचांनी व्हिडिओ तपासून) रद्द केला, तरी स्टेडियममधल्या त्या बायकांच्या फोटोतले चेहरे बघा एकदा, मला तर भरूनच येतं. प्रत्यक्ष सामन्याची तिकिटं बायकांना मिळायला मात्र ऑक्टोबर २०१९ उजाडला, कंबोडियाविरुद्ध, तेही वेगळ्या स्टँडमध्ये.

आता विचारायचं ते असं की पुण्यात बऱ्याच इराणी मुली शिकायला येतात, तर कोणाच्या ओळखीत अशी कोणी आहे का जी आमच्या पोरींशी फोनवर अर्धा तास बोलेल? हिंदी-इंग्रजी काहीही चालेल, नाव सांगायचं नसेल तर अजिबात आग्रह नाही. आणि दुसरं, त्या फोटोतल्या बायकांचे चेहरे पोस्टरवर दाखवावेत का झाकावेत? त्यांना तिकडे त्रास व्हायला नको. फोटोग्राफी किंवा पत्रकारितेतलं कोणी असेल तर प्लीज सांगा, पोस्टर छापायचं थांबवलंय.