बॉटनं बंद केलेला बग सुटलेला नसतो

हळदपेठ, सांगली:
काल इथं एकानं लिहिलं, "मेंटेनर फुकट राबतात, त्यांनी बग बंद केला तर तक्रार करणाऱ्यानं गप्प बसावं." मेंटेनर म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणारे लोक, आणि बग बंद करणं म्हणजे त्यातल्या चुकीची तक्रार निकाली काढणं. दोनदा उत्तर लिहून खोडलं, आता लिहितोच.

माझं डीटीपीचं दुकान आहे. सोसायट्यांच्या अहवालांत 'शेतकऱ्यांना' हा शब्द पानोपानी असतो. एका मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये तो शोधला की काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी नाही. कारण 'ऱ्य' दोन तऱ्हेनं टाइप होतो. एकात ऱ, हलन्त, य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह), मग य. पडद्यावर फरक शून्य. चार रात्री बसून त्यांच्या तक्रारींच्या यादीत नमुना फाईल, कोडपॉइंट (अक्षरांचे क्रमांक), सगळं लिहून दिलं. कुणी माणूस बोलला नाही. दर ६० दिवसांनी बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, तक्रारीला 'स्टेल' (शिळी) म्हणायचा, मी 'अजून आहे' लिहायचो. आईच्या ऑपरेशनच्या वेळी राहून गेलं, ७ दिवसांत बंद. बग आजही तिथंच आहे.

वाईकर:
मी एक छोटी लायब्ररी सांभाळतो. नोकरी करून रात्री अकरानंतर. तुमच्या चार रात्री, माझी सहा वर्षं. लायसन्समध्ये स्वच्छ लिहिलंय, जसं आहे तसं, हमी नाही. २०२४ चं एक्सझेड आठवा, फाईल दाबून लहान करणारं मुक्त सॉफ्टवेअर. एकटा थकलेला मेंटेनर, 'उशीर का' म्हणून लोक टोचत राहिले, शेवटी त्यानं एका अनोळखी मदतनिसाच्या हाती हक्क दिले आणि त्या मदतनिसानंच त्यात मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, घुसवलं. टोचण्याचा हा परिणाम.

मिरजेची ताई:
तेच एक्सझेड पकडलं कसं गेलं, तेही सांगा ना. एसएसएचनं दुसऱ्या संगणकावर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून एका इंजिनिअरनं खणत नेलं. अशी किरकोळ दिसणारी तक्रार कुणी वाचलीच नाही तर?

वेळ नाही हे मान्य. मग 'वेळ नाही' असं लिहा आणि बग उघडा ठेवा. फेडोरा या लिनक्स प्रणालीत आवृत्तीचा आधार साधारण १३ महिन्यांत संपतो आणि तिच्यावरचे बग बंद होतात. राग येतो, पण कारण कळतं. बॉटचं कारण काय, तर 'हालचाल नाही'. हालचाल कुणी करायची होती?

कराडचा पोरगा:
मूळ चूक टाइप करणाऱ्याची आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ऱ ला स्वतंत्र कोड आहे, ०९३१. तो वापरा, भानगड मिटते. झेडडब्ल्यूजे ही जुनी सवय.

हळदपेठ, सांगली:
अहो, गिऱ्हाइकाची फाईल येते, त्याच्या कीबोर्डनं जे उमटवलं ते येतं. मी प्रत्येक 'वऱ्हाडी' आणि 'कऱ्हाड' हातानं तपासत बसू?

कराडचा पोरगा:
कऱ्हाड नाही, कराड. आम्ही तिथं राहतो.

हळदपेठ, सांगली:
माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर कऱ्हाड आहे.

कराडचा पोरगा:
दाखला जुना असेल. आज गावात विचारा, दहातले नऊ कराड म्हणतील. आमच्या गावाचं नाव सांगलीतून ठरवू नका.

मिरजेची ताई:
दोघंही थांबा. कराड लिहा नाहीतर कऱ्हाड, शोधणाऱ्याला दोन्ही सापडलं पाहिजे. सातबाऱ्यावरची नावं शोधणारा माणूस कोड बघत नाही. आणि दादा, 'टाइप करणाऱ्याची चूक' हे वाक्य ऐकून ऐकून मराठीवाले गप्प बसायला शिकलेत, म्हणून मेंटेनरला वाटतं की बगच नाही.

वाईकर:
एवढा तमाशा कशाला? शोधण्याआधी नॉर्मलायझेशन करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करा, झालं.

हळदपेठ, सांगली:
नाही होत. नॉर्मलायझेशन ऱ ला 'र अधिक नुक्ता (खालचं टिंब)' शी जोडतं. झेडडब्ल्यूजेवालं रूप त्यात बसतच नाही, दोन्ही वेगळीच राहतात. हे माझ्या रिपोर्टात तिसऱ्या परिच्छेदात होतं. तुम्ही आत्ता जे म्हणालात ते तिथं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याच दिवशी उत्तर दिलं असतं.

वाईकर:
आत्ता करून पाहिलं. तुमचं बरोबर आहे, मला हे ठाऊक नव्हतं. बॉट माझ्याकडेही आहे. तो काढणार नाही, ४०० इश्यू (नोंदलेल्या तक्रारी) एकट्याला झेपत नाहीत. पण नमुना फाईल जोडलेला इश्यू त्याला बंद करू देणार नाही, एवढी सेटिंग आज बदलतो. तुमची फाईल इथं टाका. शोधाचा पॅच (दुरुस्तीचा कोड) लिहून बघतो, तारीख देत नाही.

हळदपेठ, सांगली:
तारीख मागितलीच नव्हती. फाईल टाकतो. शेतकऱ्यांना, वऱ्हाडी, सातबाऱ्यावर, कऱ्हाड, प्रत्येक शब्द दोन्ही रूपांत आहे.

कराडचा पोरगा:
माझ्या कीबोर्डनंही आत्ता झेडडब्ल्यूजेच घातला, तपासून पाहिलं. त्या फाईलमध्ये कराडही घाला.