बांधकामाच्या आवाजातून एक खोली वाचवायची आहे, मदत हवी आहे

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालंय. सकाळपासून ब्रेकर (काँक्रीट फोडायचं यंत्र) आणि ग्राइंडर. मी घरूनच ऑडिओबुकचं रेकॉर्डिंग करते, त्यामुळे निदान एक खोली तरी शांत हवीच.

खिडकीच्या फटींना रबरी पट्ट्या लावल्या, दाराखालची फट बुजवली. ग्राइंडरची किरकिर बरीच कमी झाली. पण ब्रेकर चालू झाला की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं आणि तो धक्का थेट माइकमध्ये उतरतो. म्हणजे हा आवाज नुसता हवेतून नाही, जमिनीतून आणि भिंतींतून येतोय. भिंतीवर फोम चिकटवून खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. तेव्हा कृपया तो उपाय नको.

विचार असा आहे: खोलीच्या आत, मूळ भिंतींना कुठेही न टेकणारी वेगळी चौकट, खाली रबरी पॅड, मध्ये रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी तंतूंची लोकर) आणि वर जिप्सम बोर्डचे दोन थर. कोणी असं करून घेतलंय का? ब्रेकरच्या धक्क्याला रबरी पॅड पुरतात का? आणि सगळं बंद केल्यावर हवा खेळती कशी ठेवलीत? घर भाड्याचं आहे, त्यामुळे नंतर सोडवून नेता येईल अशी रचना असेल तर फारच बरं.