व्हर्टुम्नस-पोमोनाचा पट : विणकर म्हणजे नुसता नकलाकार?

उभा ताणा
काल इथे कुणीतरी माद्रिदच्या राजसंग्रहातल्या व्हर्टुम्नस-पोमोना या रोमन देव-देवीच्या गोष्टीवरच्या मालिकेतल्या एका विणलेल्या भिंतपटाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "चित्रकाराने काढलं, मजुरांनी गिरवलं. रंग उडालेला जुना पडदा, त्याचं एवढं काय?" रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर ब्रसेल्समध्ये हे पट विणले गेले. आडव्या मागावर विणकर पटाच्या मागच्या बाजूने विणायचा. नमुन्याच्या चित्राच्या पट्ट्या कापून ताण्याखाली ठेवलेल्या, त्याही आरशातल्यासारख्या उलट्या. विणून झालेला भाग गुंडाळला जायचा, त्यामुळे आपण काय केलं ते पट मागावरून उतरल्याशिवाय धड दिसायचंही नाही. पोमोनाच्या गालावर उजेडाकडून सावलीकडे जाताना दोन रंगांचे धागे कंगव्याच्या दातांसारखे एकमेकांत शिरवलेले असतात. ते दात किती लांब ठेवायचे, कुठली छटा कुठे थांबवायची, हे विणकराची बोटं ठरवायची. याला गिरवणं म्हणतात?

आणि रंग उडाला म्हणता, तर झाडं निळी का दिसतात ते तरी पाहा. हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून केलेला असायचा. वनस्पतीपासूनचा तो पिवळा उजेडाने गेला, निळा टिकला. अशा पटांची मागची बाजू उलटून पाहिली की बाग अजून हिरवी असते.

रंगपेटी
तो फोटो टाकणारा मीच. भाषा कडक झाली असेल, मुद्दा सोडत नाही. रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फोसिस'च्या चौदाव्या सर्गातली गोष्ट. ऋतूंचा देव व्हर्टुम्नस कधी कापणीवाला, कधी सैनिक, कधी कोळी होऊन फळबागांच्या पोमोनाकडे येतो आणि शेवटी म्हातारीचं सोंग घेतो. म्हातारी कुठे उभी राहील, मांडवाचे पुतळेवजा खांब नजर कुठे नेतील, हे ठरवलं कुणी? चित्र काढणाऱ्याने. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलच्या पटांसाठी चित्रकार राफाएलने केलेली सात चित्रं आज लंडनला आहेत. एक धागा न विणता लोक त्यांच्यासमोर तासन् तास उभे राहतात. विणकराशिवाय ती उभी आहेत. चित्राशिवाय विणकर काय विणणार होता?

उभा ताणा
मग दहाव्या लिओ पोपने त्या पटांवर मायकेलअँजेलोने रंगवलेल्या तिथल्याच छताच्या सुमारे पाचपट पैसे का मोजले?

रंगपेटी
सोन्याच्या जरीचे आणि रेशमाचे मोजले! १७९७ मध्ये फ्रान्सच्या सरकारने राजवाड्यातले जरीचे पट जाळले ते धातू काढून घेण्यासाठीच. किंमत हातांची असती तर जाळले असते?

पैठणीवाली
हे वाक्य वाचून अंगाचा तिळपापड झाला. किंमत हातांची नाही? माझं माहेर येवल्याचं, काका मागावर बसायचे. पैठणीच्या पदरातला मोर याच पद्धतीने होतो. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, जिथे रंग संपतो तिथेच धागा वळवायचा, पाठपोट सारखं. एका मोठ्या दुकानात मी विचारलं, ही कुणी विणली? उत्तर आलं, "आमच्याकडची आहे." काकांनी सहा सहा महिने डोळे फोडायचे आणि नाव दुकानाचं! ब्रसेल्सचीही तीच तऱ्हा. १५२८ पासून काठावर शहराची खूण सक्तीची झाली, दोन ब आणि मध्ये लाल ढाल. शेजारी पानेमाकरसारख्यांची खूण, म्हणजे कारखानदाराची. मागावर बसलेल्यांची नावं शोधून दाखवा.

रंगपेटी
ताई, नावं नाहीत हा अन्याय आहे, एवढं कबूल. पण त्याने तुमचे विणकर चित्रकार ठरत नाहीत.

मांडवीकाठ
स्पेनच्या राजाच्या बागेवरून भांडताय, आणि त्याच ब्रसेल्समध्ये आपला गोवा विणला गेला त्याचं कुणाला काही नाही. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये पोर्तुगीज गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रोच्या विजयाचे पट आहेत. १५४६ मध्ये दीवचा वेढा मोडला आणि १५४७ मध्ये हा माणूस रोमन सेनापतीसारखी मिरवणूक काढून गोव्यात शिरला. पराभूतांची निशाणं जमिनीवरून फरफटत, मागे कैदी. दीवचा कोट बांधायला याच गोव्याच्या नगरसभेकडे दाढीचे केस तारण पाठवून कर्ज मागितलं होतं त्याने!

हे पट विणले जात होते साधारण त्याच सुमाराला, १५६० मध्ये, आमचा मंगेश पोर्तुगीजांच्या धाकाने कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळला गेला. आमच्या घरात ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतात. तेव्हा "काय सुंदर विणकाम" हे माझ्या तोंडून निघत नाही.

उभा ताणा
कास्त्रो १५४८ मध्येच वारला. मंगेशीचं खापर त्याच्या माथी कशाला? चर्चेचा धागा विणकरांचा आहे, त्यांच्यावरच राहू द्या.

मांडवीकाठ
गोव्यातल्या तिसवाडीतली देवळं पोर्तुगीजांनी १५४० मध्येच पाडली होती, कास्त्रो गव्हर्नर होण्याआधी. त्याच राजवटीचा तो गव्हर्नर. खापर माणसावर नाही, त्या मिरवणुकीवर आहे. कुणाची निशाणं धुळीत गेली, हे बाजूला ठेवून नुसते धागे मोजायचे का?

रंगपेटी
मग माझंच म्हणणं खरं झालं ना! पट कशाबद्दल आहे हेच आधी येतं, म्हणजे चित्र, विषय. विणकाम नंतर.

पैठणीवाली
जिंकल्यासारखं बोलू नका. ज्यांनी गोवा कधी पाहिला नाही त्यांनी तो आठ-दहा हात उंच उभा केला, सोन्याच्या जरीत. कागदावरच राहिला असता तर कुठल्याशा कपाटात पडला असता. मांडवीकाठ यांना राग येतोय तो विणल्यामुळेच येतोय.

मांडवीकाठ
ते खरं आहे, आवडलं नाही तरी. पण वेगळा धागा काढा असं कुणी सांगू नका, मी इथेच लिहिणार. त्या पटांत आपली माणसं कुठे कुठे आणि कशी दाखवली आहेत ते एकेक करून उद्या टाकतो. रंगपेटी, तुम्ही चित्र वाचायला या. पैठणीवाली, धागे तुम्ही पाहा.

उभा ताणा
या. पण व्हर्टुम्नसला "जुना पडदा" म्हटलंय ते आधी मागे घ्या.

रंगपेटी
"जुना" ठेवतो. "पडदा" काढला.