मेयोनीज बिनधास्त घाला, बीट मात्र रंगासाठी नको

केकमध्ये मेयोनीज घालायचं म्हटल्यावर बरेच जण नाकं मुरडतात. पण त्यात असतं काय? तेल, अंड्याचा बलक आणि थोडं व्हिनेगर. तेल आणि अंडं केकमध्ये एरवीही जातंच, आणि व्हिनेगरमुळे खायचा सोडा नीट काम करतो. शिवाय तेल आधीच बारीक थेंबांत विखुरलेलं असल्यामुळे मिश्रणात सहज मिसळतं. केक दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. फक्त लसूण वगैरे घातलेलं नको, साधं घ्या, आणि रेसिपीतलं मीठ कमी करा.

बीटाचा केक लाल न होता तपकिरी का झाला, असंही काही जण विचारतात. बीटाचा रंग उष्णतेने उडतो, आणि सोडा जास्त पडला तर आणखीच. लिंबाचा रस घातला तर थोडाफार टिकतो. पण माझं स्पष्ट मत आहे की बीट रंगासाठी घालूच नये, ओलाव्यासाठी घालावं. शिजवून अगदी गुळगुळीत वाटायचं आणि भरपूर कोको असलेल्या केकमध्ये घालायचं. कोकोच्या कडवटपणात त्याचा मातकट वास झाकला जातो आणि केकचा पोत इतका सुरेख येतो की विचारू नका!

अंडं चालत नसेल त्यांनी काबुली चणे उकडलेलं पाणी वापरून बघा. 1 अंड्याऐवजी साधारण 3 टेबलस्पून पुरतं. पाणी पातळ वाटलं तर आटवून गार करा, मगच फेटा. पांढराशुभ्र फेस येतो.