अनुभव धागा: क्रोशाकामातल्या खाचाखोचा

क्रोशा चालवणाऱ्यांनी इथे नेमकं लिहावं: सुई किती मिमीची, टाके किती, आणि काम बिघडतं तर कुठे. 'मस्त झालंय' हे फोटोखाली लिहायला राखून ठेवा.

*

सरळ पट्टी वर जाताना निमुळती होते, त्याचा दोष हाताला देऊ नका, ओळीची टोकं तपासा. काम उलटल्यावर घातलेल्या 3 साखळ्या म्हणजेच त्या ओळीचा पहिला खांब (सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका). म्हणून पुढचा खांब त्यांच्या बुडाशी नाही, शेजारच्या टाक्यात. परत येताना शेवटचा खांब त्या 3 साखळ्यांच्या डोक्यावर. तो राहिला की दर ओळीला एक टाका गळतो, आणि बुडाशीही घातला तर एक वाढतो. मुक्या खांबाला (वेढा न घेता विणलेला बुटका टाका) उलटताना 1 साखळी पुरते, ती टाक्यात मोजत नाहीत.

*

पायाची साखळी आवळली गेली की खालची कड धनुष्यासारखी वाकते. धुऊन, ताणून ती सुटत नाही. साखळीपुरती अर्ध्या मिमीने जाड सुई घ्या.

*

गोलाबद्दल. मुक्या खांबाचा सपाट गोल दर फेरीला 6 ने वाढतो: 6, 12, 18, 24. खांब उंच, म्हणून तिथे 12 ने: 12, 24, 36. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की झालर. टोपी विणताना वाढ थांबवायची असते ती याचसाठी.

*

वरच्यात भर: दर फेरीत वाढ (एकाच टाक्यात दोन टाके) एकावर एक आली तर गोलाचा षटकोन होतो. चौथ्या फेरीत '2 मुके, 1 वाढ' असं सहा वेळा करण्याऐवजी '1 मुका, 1 वाढ, 1 मुका' करा. टाके 24च, पण कोपरे दिसत नाहीत. एक फेरी आड एवढं केलं तरी भागतं.

*

भरीव खेळण्यांत टाक्यांतून कापूस डोकावत असेल तर लोकरीच्या वेष्टणावरच्या आकड्यापेक्षा 1 ते 1.5 मिमी बारीक सुई घ्या. घट करताना (दोन टाक्यांचा एक) दोन्ही टाक्यांच्या डोक्यावरचे फक्त पुढचे फासे उचलून एकत्र विणा, भोक राहत नाही. फेऱ्या न जोडता गोल गोल विणत असाल तर पहिल्या टाक्यात खुणेचा दोरा हवाच.

*

अंगात घालायचं असेल तर आधी 15 सेमीचा चौकोन विणून धुवा, वाळवा आणि मधल्या 10 सेमीतले टाके मोजा. कडेचे टाके फसवतात. (हे टाळणारे पुढे अख्खी बाही उसवतात.)

ॲक्रिलिकला तापलेली इस्त्री टेकवू नका: धागा वितळून वीण कायमची लोळागोळा होते. सुती कामाला पाणी मारून, टाचण्यांनी ताणून सुकवलं की जाळी उघडते.

*

दोऱ्याची टोकं निदान 15 सेमी ठेवा आणि बोथट सुईने तीनदा दिशा बदलून आत ओवा. एकाच दिशेने ओवलेलं टोक धुण्यात निसटतं. गोलाची सुरुवात ओढफाशाने (टोक ओढून आवळायचा दोऱ्याचा फास) केली असेल तर मधलं भोक उघडतं ते तिथूनच.