अटकेला आठ कॉलम, सुटकेला चार ओळी: कोर्टाच्या बातम्या अशाच चालणार का?

लोअर परळकर

२१ जुलै २०२५ च्या सकाळी मी चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये होतो. शेजारच्याच्या फोनवर बातमी आली: ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. स्फोट फर्स्ट क्लासच्या डब्यांत झाले होते, आणि आम्ही उभे होतो तो डबाही फर्स्ट क्लासचाच. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक काका म्हणाले, "असं कसं? त्यांनी तर कबूल केलं होतं ना!"

हे त्या काकांना कुणी सांगितलं? मला कुणी सांगितलं होतं? २००६ च्या त्या महिन्यांत टीव्हीने आणि पेपरांनी. पुढे विशेष मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयात खटला चालला आणि २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप झाली. तीही बातमी पहिल्या पानावर आली. पण मधल्या नऊ वर्षांत उलटतपासणीत काय निघालं, हे कुठे वाचल्याचं मला आठवत नाही, आणि मी रोज दोन पेपर वाचणारा माणूस आहे. टॅक्सीचालक साक्षीदार शंभराहून जास्त दिवसांनी पुढे आले, ओळख परेड घेणाऱ्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता, कबुलीजबाबांवर विसंबता येत नाही, हे सगळं उच्च न्यायालयाने म्हटलं तेव्हा मला पहिल्यांदाच कळलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, तो निकाल दाखला म्हणून वापरू नये असंही तिथे सांगितलं गेलं आहे. निकाल बरोबर की चूक हे मी ठरवणारा कोण? पण पुरावा तपासला जात होता तेव्हा मला कुणी काही सांगितलं नाही, आणि तपासला जायच्या आधी मात्र सगळं सांगून टाकलं, ही माझी तक्रार आहे.

अलीकडचीही उदाहरणं घ्या. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर २०२० च्या सप्टेंबरात रिया चक्रवर्तीला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली. महिनाभर भायखळ्याच्या तुरुंगात राहून ती जामिनावर सुटली. मृत्यूच्या तपासात सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला तो मार्च २०२५ मध्ये. पहिल्या तीन महिन्यांत स्टुडिओत तिच्यावर जे रोज झोडपणं चाललं, त्याच्या शतांशाने तरी हा अहवाल दाखवला गेला का?

माझी मागणी साधी आहे. अटकेची बातमी ज्या जागी आणि जितकी दिली, तितकीच आणि त्याच जागी सुटकेची द्या. स्वतःहून देत नसतील तर कायद्याने द्यायला लावा.

कोर्टबीट निवृत्त

परळकर, तळमळ पटते, मागणी अजिबात पटत नाही.

मी तेवीस वर्षं काळा घोड्याच्या सत्र न्यायालयात आणि उच्च न्यायालयात बातमीदारी केली. उलटतपासणीची बातमी आम्ही आणत नव्हतो असं म्हणू नका. आणत होतो. सकाळी बोर्ड बघायचा, चार मजले चढउतार करायची, एका कोर्टात साक्ष चालू असताना दुसऱ्यात जामिनावर युक्तिवाद, म्हणून अर्ध्यातून उठायचं, संध्याकाळी स्टेनोकडे किंवा वकिलाकडे थांबून शब्द तपासून घ्यायचा. मग डेस्कवर पाचशे शब्दांचे ऐंशी व्हायचे, किंवा शेवटच्या क्षणी जाहिरात आली की तेवढेही नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल आर्थर रोडच्या विशेष न्यायालयात महिनोन्महिने लागत होता. १२३ आरोपींपैकी १०० दोषी, २३ सुटले. दाराबाहेरच्या कॅमेऱ्यांना हवा होता तो एकच नट. आत बसलेल्यांचा त्यात काय दोष? स्टुडिओत आरडाओरडा करणारा माणूस आणि कोर्टात बाकावर बसून लिहून घेणारा माणूस यांना एकाच मापाने मोजू नका.

आता कायद्याचं. कुठली बातमी किती जागेत द्यायची हे आज न्यायाच्या नावाने सरकारने ठरवलं, तर उद्या मंत्र्यांच्या खुलाशाला किती जागा हेही तेच ठरवेल. या शहरात १९०८ साली लोकमान्यांचा खटला उच्च न्यायालयात चालला, ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला, सहा वर्षांची शिक्षा झाली. टिळक तिथे काय बोलले ते आज शिलालेखासारखं पाठ आहे, कारण कोर्ट उघडं होतं आणि लिहून घेणारे तिथे बसले होते. बातमीदाराचे हात बांधणाऱ्या कुठल्याही नियमाला माझा विरोध आहे.

वांद्रे पूर्व

मी तर म्हणतो अजून जोरात दाखवा.

गरिबाच्या बाजूने कोण आहे? पोलीस? सरकारी वकील, ज्यांच्याकडे एका दिवसात डझनभर प्रकरणं? जेसिका लाल खटला आठवा. खून १९९९ चा, दिल्लीच्या सत्र न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सगळ्या आरोपींना सोडलं. साक्षीदार फितूर झाले होते. पेपर आणि वाहिन्या उठल्या, माणसं मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरवलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. हा आरडाओरडा झाला नसता तर ती फाइल कपाटात गेली असती. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला वकील मिळतो. ज्याच्याकडे नाही त्याला फक्त कॅमेरा मिळतो. तोही काढून घेऊ नका.

लोअर परळकर

वांद्रे पूर्व, तुमच्याच भागातलं उदाहरण देतो. २८ सप्टेंबर २००२, हिल रोड, बेकरीबाहेर झोपलेल्या माणसांवर गाडी. एक मेला, चार जखमी. तेरा वर्षं कॅमेरे होते. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा दिली, डिसेंबरात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. या तेरा वर्षांत कॅमेरे कुणाच्या बाल्कनीखाली उभे होते? गेलेल्या कामगाराच्या घरी किती वेळा गेले? फिर्याद देणारा पोलीस शिपाई नोकरी जाऊन क्षयाने २००७ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या खाटेशी किती जण होते? कॅमेरा गरिबाला मिळतो हे म्हणणंच खरं नाही. तो नावाला मिळतो.

वांद्रे पूर्व

त्या शिपायाबद्दल मी वाचलंय, ते पेपरातच वाचलंय. उशिरा लिहिलं असेल, पण लिहिलं. बाल्कनीबद्दल मान्य.

अ‍ॅडव्होकेट दादर पश्चिम

मी फौजदारी वकिली करते, दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे. इथे कायद्याचा एक खड्डा आहे तो कुणी दाखवला नाही.

न्यायालयाचा अवमान कायदा १९७१ चा. त्याच्या कलम ३ प्रमाणे फौजदारी प्रकरण 'प्रलंबित' धरलं जातं ते साधारण आरोपपत्र दाखल झाल्यावर किंवा समन्स-वॉरंट निघाल्यावर. गंभीर गुन्ह्यात आरोपपत्राला नव्वद दिवस मिळतात. स्टुडिओ तापतात ते याच नव्वद दिवसांत, कायदा जवळजवळ झोपलेला असताना. विधी आयोगाने २००६ च्या आपल्या २०० व्या अहवालात सांगितलं होतं की ही रेषा अटकेपर्यंत मागे आणा. तसा बदल झाला नाही. मग सुशांतसिंह प्रकरणातल्या याचिकांवर, ज्यांत निवृत्त पोलीस अधिकारीही याचिकाकर्ते होते, १८ जानेवारी २०२१ ला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांनी निकाल दिला. तपास चालू असताना केलेली माध्यमांची समांतर सुनावणीही न्यायदानात ढवळाढवळ ठरू शकते, असं त्यांनी म्हटलं. दोन वाहिन्यांचं काही वार्तांकन प्रथमदर्शनी अवमानकारक ठरवलं, पण कारवाई केली नाही. काय टाळायचं याची यादी दिली: साक्षीदारांच्या मुलाखती, घटनास्थळाची नाट्यरूपं, पोलिसांपुढची कथित कबुली पुरावा असल्यासारखी छापणं, ओळख पटवणं सोपं जाईल असा आरोपीचा फोटो.

परळकर, लोकलमधल्या त्या काकांना सांगा: पोलिसांपुढे दिलेली कबुली एरवी पुरावा म्हणून चालत नाही. मोक्का हा अपवाद, तिथे वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची कबुली चालते, आणि तरीही न्यायालय तिला तासून बघतं. लोकल स्फोटांच्या खटल्यात तेच झालं.

आणि वांद्रे पूर्व, तुमच्यासाठी फोटोचा मुद्दा. पोलीस आरोपीला आणताना डोक्यावर काळा कपडा का घालतात? ओळख परेडसाठी. साक्षीदाराने परेडआधी चेहरा टीव्हीवर पाहिला असेल, तर बचावाचा वकील पहिल्याच उलटतपासणीत विचारतो, "आपण यांना वाहिनीवर पाहिलं होतं, हे खरं आहे ना?" साक्षीदार 'हो' म्हणतो आणि सगळ्या ओळख परेडवर पाणी पडतं. मी स्वतः विचारलाय हा प्रश्न, आणि त्यावर माणसं सुटलेली पाहिली आहेत. ती निर्दोष होती की नाही मला आजही सांगता येणार नाही. ज्या वाहिनीने गरिबाच्या बाजूने म्हणून तो चेहरा चोवीस तास फिरवला, तिनेच ती केस मारली. जेसिका प्रकरणातही, शिक्षा कायम करणाऱ्या निकालातच, सर्वोच्च न्यायालयाने माध्यमांच्या समांतर सुनावणीबद्दल इशारा दिला होता.

सुमन गिरगाव

मी एरवी फक्त वाचते. आज लिहिते.

काही वर्षांपूर्वी आमच्या चाळीतल्या एका मुलाचं नाव एका गाजलेल्या प्रकरणात आलं. प्रकरण कुठलं ते लिहीत नाही. पहिल्या दिवशी दुपारी तीनला जिन्यात बूम घेऊन अकरा जण होते, मी मोजले. त्याची आई दार लावून बसली होती. एका वाहिनीच्या मुलीने मला विचारलं, "तो लहानपणापासूनच असा होता का?" मी म्हटलं, "कसा?" तिला तेवढंच हवं होतं. रात्री माझा चेहरा आणि खाली पट्टी: 'शेजाऱ्यांनाही धक्का'. मी धक्का वगैरे काही म्हणाले नव्हते.

आरोपपत्रात त्याचं नाव नव्हतं. ते कळायला चार महिने लागले. तेव्हा जिन्यात कुणी आलं नाही. त्याच्या आईने तळमजल्यावरच्या वाण्याकडे जाणं सोडलं ते सोडलंच, मी तिचं सामान आणून द्यायचे. बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं. कोर्टबीट, तुम्ही म्हणता कायदा नको. मग त्या बाईने कुणाकडे जायचं होतं?

कोर्टबीट निवृत्त

सुमनताई, याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. अब्रुनुकसानीचा दावा असतो, पण तो तिने कशाच्या जोरावर लढायचा, हे मला कळतं. अशा जिन्यात मीही एकदा उभा राहिलोय, संपादकाने पाठवलं म्हणून. दार उघडलं नाही याचं मला आजही बरं वाटतं.

तरी माझी भूमिका सांगतो, कारण ती सोयीची म्हणून धरलेली नाही. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे बातमीदार नरेश श्रीधर मिरजकर यांचं प्रकरण बघा. एका बदनामीच्या दाव्यात साक्षीदाराने सांगितलं, माझी साक्ष छापली तर धंदा बुडेल. न्या. तारकुंड्यांनी तोंडी आदेश दिला: छापू नका. मिरजकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींपुढे हरले. एका व्यापाऱ्याच्या धंद्यासाठी उघड्या कोर्टातली साक्ष झाकता येते, हे तेव्हापासून पक्कं झालं. न्यायाधीश सज्जन होते, तारकुंड्यांहून मोठा नागरी हक्कांचा माणूस शोधून सापडणार नाही. पण असं दार एकदा उघडलं की त्यातून पुढे कोण आत येईल ते आपल्या हातात राहत नाही.

वांद्रे पूर्व

आणि 'ब्लिट्झ'चीच दुसरी बाजू: १९५९ चा नानावटी खटला, नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्याचा. साप्ताहिकाने आरोपीलाच नायक केलं, ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं. पण सत्र न्यायाधीशांनीच ते मानलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात पाठवलं आणि जन्मठेप झाली. आता ज्यूरी नाही. न्यायाधीश टीव्ही बघून निकाल देत नाहीत. मग एवढी भीती कशाची?

अ‍ॅडव्होकेट दादर पश्चिम

न्यायाधीश देत नसतील. साक्षीदार टीव्ही बघतो. पंच बघतो, आणि पंचनाम्यावर सही केलेला माणूस दोन वर्षांनी साक्षीला उभा राहतो तेव्हा त्याने स्वतः पाहिलेलं कुठे संपतं आणि वाहिनीवर पाहिलेलं कुठे सुरू होतं हे त्यालाही सांगता येत नाही. आरोपीचा घरमालक बघतो. सुमनताईंच्या शेजारणीला कुठल्या न्यायाधीशाने शिक्षा दिली होती?

कोर्टबीट, तुमच्या भीतीवर माझा तोडगा असा. बातमीदाराला हात लावू नका, बातमी फोडणाऱ्याला लावा. रिमांडच्या आदल्या रात्री कबुलीची बातमी बाहेर येते ती तपास यंत्रणेच्या आतूनच. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहमंत्रालयाला पोलिसांनी माध्यमांशी कसं बोलावं याची नियमावली करायला सांगितलं, तो रस्ता मला बरोबर वाटतो.

लोअर परळकर

हे पटलं. जागा कायद्याने ठरवा ही मागणी मी मागे घेतो, मिरजकरांचं प्रकरण मला माहीत नव्हतं. सुटकेची बातमी पहिल्या पानावर हवी हा आग्रह सोडत नाही, तो संपादकांना पत्र लिहून धरीन. आणि कोर्टबीट, एक विचारायचं होतं. साक्ष चालू असताना माझ्यासारख्याला आत बसू देतात का? इतकी वर्षं काळा घोड्यावरून जातोय, कधी आत गेलो नाही.

कोर्टबीट निवृत्त

देतात. बंद दाराआड चालणारी प्रकरणं सोडली तर कोर्ट उघडं असतं. ओळखपत्र घ्या, फोन पूर्ण बंद ठेवा, अकराच्या आत या. जामिनाच्या कोर्टात गर्दी असते, तिथे थांबू नका. जिथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कुणी उभं आहे आणि मागचे बाक रिकामे आहेत, तिथे बसा.

सुमन गिरगाव

मी पण येईन. कुठल्या दिवशी ते लिहा.