मदत हवी आहे: रॉकीजमध्ये रानमेंढ्याच्या शिकारीसाठी रायफलचं कॅलिबर कोणतं घ्यावं?

कॅनडा-अमेरिकेत डोंगरातली शिकार केलेल्यांकडून सल्ला हवा आहे. आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, ती कळल्याशिवाय नेमकं उत्तर देता यायचं नाही.

मी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरीत राहतो. पीएएल, म्हणजे इथला बंदुकीचा परवाना, काढून चार वर्षं झाली. हरणाचे तीन मोसम केले. येत्या मोसमात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर नॉर्डेगच्या पश्चिमेच्या डोंगरात बिगहॉर्न रानमेंढ्यासाठी जायचं ठरलं आहे. आठ दिवस, सगळं सामान पाठीवर. आजवर त्याचीच .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम, जोरदार काडतुसाची रायफल) मागून वापरत आलो. आता स्वतःची रायफल घ्यायची आहे.

गेल्या नोव्हेंबरात जे झालं ते लिहितो, कारण प्रश्न तिथूनच आला आहे. म्यूल डिअरचा नर, १८० मीटरवर, आडवा उभा. वारा नाही. रायफल पाठपिशवीवर टेकवलेली. यापेक्षा सोपा बार मिळत नाही. चाप ओढायच्या क्षणी माझे डोळे मिटले आणि खांदा आपोआप पुढे गेला. गोळी पोटात लागली. पाठीला बाक काढून तो झुडपांत शिरला. बर्फावर रक्त अगदी थोडं, त्यात हिरवट चोथा. संध्याकाळपर्यंत माग काढला, अंधार पडल्यावर थांबावं लागलं. सकाळी तो सापडला तेव्हा कायोटींनी (कोल्ह्यासारख्या जनावरांनी) मागची बाजू खाल्लेली होती. मांस वाया गेलं ते गेलंच, पण ते जनावर रात्रभर कुठेतरी बसून होतं हे मनातून जात नाही.

आमचे आजोबा माण तालुक्यातले. मेंढरं घेऊन दरवर्षी कोकणात उतरायचे. सुरीची धार अंगठ्याच्या नखावर बघितल्याशिवाय त्यांनी कधी एडक्याला हात लावला नाही. नखावरून सुरी घसरली तर पुन्हा दगडाकडे, नखात रुतली तरच पुढचं काम. मला या प्रवासाला तशीच तयारी करून जायचं आहे.

आता पर्याय. .३०० विन मॅग सगळे सुचवतात, पण माझा नेम तिनेच बिघडवला असं मला वाटतं. यादीत ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८ आणि .२७० विंचेस्टर ही तीन काडतुसं आहेत. .२४३ सुद्धा कायद्यात बसते (अल्बर्टात मोठ्या जनावरांना .२३ इंचापेक्षा लहान कॅलिबर चालत नाही), पण शंभर किलोच्या एडक्याला ती कमी पडेल का? रायफल दुर्बिणीसकट साडेतीन किलोच्या आत हवी. ३०० मीटरच्या पुढे मी बार काढणार नाही, हे आधीच ठरवलं आहे.

प्रश्न असा: या तिन्हींत रानमेंढ्यासाठी खरोखर फरक पडतो का? आणि धक्का कमी असलेली रायफल घेतली तर जनावर जायबंदी होऊन निसटण्याचा धोका वाढतो का?

– कॅल्गरीकर

बार_एकच:
.३०० च घ्या. मेंढ्याच्या मुलखात ग्रिझली असतं. मांस सोलत बसला असाल आणि मागून अस्वल आलं तर ६.५ काय कामाची? धक्क्याची सवय होते. जास्तच वाटला तर नळीच्या टोकाला धक्का कमी करणारा मझल ब्रेक बसवून घ्या.

युकॉनवासी:
कॅल्गरीकर, तुम्ही हरणाचं जे लिहिलंत ते लिहायला धीर लागतो. आमच्याकडे डॉल मेंढे, तुमच्यापेक्षा अंगाने जरा लहान, बाकी काम तेच. माझे सहा एडके झाले, सगळे .२७० ने.

आधी धक्क्याचा हिशोब. साडेतीन किलोच्या रायफलीत ६.५ क्रीडमूरचा धक्का साधारण १४ फूट-पाउंड, ७ एमएम-०८ चा १५, .२७० चा १८ आणि .३०० विन मॅगचा ३२ च्या आसपास येतो. म्हणजे .३०० खांद्यावर क्रीडमूरच्या दुपटीहून जास्त आदळते. तुमच्या सहकाऱ्याची रायफल जड असेल तर तिथे निभावतं. डोंगरासाठी हलकी घ्याल आणि वर मॅग्नम घ्याल, तर जे झालं तेच पुन्हा होईल.

रानमेंढा चिवट जनावर नाही. एल्कसारखी (हे इथलं मोठं हरीण) जाड हाडं नाहीत, अस्वलासारखी चरबी नाही. दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेली की चार पावलांत बसतो. पण फुप्फुसांचा पट्टा वीतभरच, आणि ३०० मीटरवर ताशी १६ किमीचा आडवा वारा असला तर तुमच्या तिन्ही काडतुसांच्या गोळ्या १५ ते २० सेंमी ढळतात. म्हणजे मधोमध धरलेला नेम पट्ट्याच्या बाहेर. फरक पडतो तो इथे. कॅलिबरांमधला फरक बोटा-दोन बोटांचा, वारा न ओळखल्याचा फरक अख्ख्या वितीचा. रिजवर गवत एका बाजूला झुकलेलं असतं आणि दरीतून वारा उलटा वर येत असतो, हे शहराजवळच्या रेंजवर शिकायला मिळत नाही.

दुसरं म्हणजे उतार. ३०० मीटर तिरकं अंतर आणि ३० अंशांचा कोन असेल तर नेम २६० मीटरचा धरायचा. वरून खाली मारताना गोळी पलीकडून कुठे बाहेर पडेल ते डोळ्यांसमोर आणा आणि त्याप्रमाणे थोडं वर धरा, नाहीतर एकच फुप्फुस मिळतं.

.२७० रानमेंढ्यांच्या शिकारीत इतकी रुजली त्यात जॅक ओ'कॉनर या अमेरिकन शिकाऱ्याचा मोठा वाटा. काडतूस १९२५ चं, तो आयुष्यभर त्याचीच बाजू घेत राहिला. माझ्या दृष्टीने तिचं आजचं मोल एवढंच की डोंगरापायथ्याच्या कुठल्याही गावात १३० ग्रेन वजनाच्या गोळ्यांची पेटी मिळते. ७ एमएम-०८ मला मनापासून आवडते, पण तिच्या काडतुसांसाठी मी दोनदा तीन-तीन दुकानं पालथी घातली आहेत.

.२४३ चांगल्या गोळीने काम करते, पण तिला चूक खपत नाही. पहिल्या एडक्याला नको.

हिमपाऊल:
ग्रिझलीच्या मुद्द्यावर, बार_एकच. मांस सोलताना रायफल तुमच्यापासून चार हात लांब दगडाला टेकवलेली असते आणि हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले असतात. त्या वेळी कामाला येतो तो छातीच्या पट्ट्यावरचा, अस्वलाला हुसकावायचा स्प्रे. एकाने सोलायचं, दुसऱ्याने उभं राहून चौफेर बघायचं. अस्वल मनात धरून मेंढ्याची रायफल निवडू नका.

आणि मझल ब्रेकचा आवाज शेजारी पालथ्या पडलेल्या सोबत्याच्या कानांची वाट लावतो. कानांवर काही न घालता एकच बार काढलात तरी शिटी वाजत राहते. सायलेन्सर कॅनडात निषिद्ध आहे, तेव्हा तोही मार्ग नाही.

सह्यवेडा:
मला बंदुकीतलं काही कळत नाही. लडाखला गेलो होतो तेव्हा शापू (तिथले रानमेंढे) पाहिले होते, कड्यावर उभे. डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकं सुंदर जनावर मारायचंच कशाला? दुखवायचा हेतू नाही, खरंच विचारतो आहे.

कॅल्गरीकर:
सह्यवेडा दादा, दुखावलो नाही. शापू, न्यान, भरल ही सगळी आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते तसंच राहिलं पाहिजे. तिथे कुणी बंदूक उचलली तर तक्रार करायला मीच पहिला जाईन.

इथली रीत वेगळी आहे. कोवळ्या नराला हात लावायचा नाही. शिंगाच्या बुडाच्या सर्वांत पुढच्या बिंदूपासून टोकापर्यंत सरळ रेषा धरली तर ती बाजूने पाहताना डोळ्याच्या पुढच्या कडेपलीकडे जायला हवी, तरच तो नर कायद्याने मारता येतो. त्यासाठी तास तास दुर्बिणीतून बघत बसावं लागतं, आणि शंका राहिली तर रिकाम्या हाताने परत यायचं. मांस घरी आणून खातो. मी लहानपणापासून मटण खात आलो आहे, त्यातला एक तरी घास स्वतः जबाबदारी घेऊन मिळवावा असं वाटतं. तुम्हाला पटेल असं नाही, पण विचारलंत ते बरं केलंत.

नेम_नाशिक:
मी शिकार करत नाही, ५० मीटर प्रोन (पालथं पडून) रायफल मारते. पण तुमचा प्रश्न कॅलिबरच्याही आधीचा आहे म्हणून लिहिते. तुम्हाला दचकण्याची सवय लागली आहे, आणि ती नवी रायफल घेऊन आपोआप जाणार नाही.

असं करा. रेंजवर सोबत्याला काडतूस भरायला सांगा. कधी खरं, कधी नकली, तुम्हाला न दाखवता. तुम्ही फक्त नेम धरून चाप दाबायचा. नकली निघालं की नळीचं टोक बघा. ते खाली झुकलं तर तुम्ही दचकलात, लपवायला जागाच उरत नाही. सलग दहा वेळा टोक हललं नाही की मगच पुढे जायचं. रोज घरी रिकाम्या रायफलीने वीस वेळा चाप ओढा, नळीच्या टोकावर एक नाणं ठेवून. नाणं पडता कामा नये. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासून, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

पहिले दोन महिने .२२ वर, म्हणजे जवळजवळ धक्का नसलेल्या छोट्या काडतुसाच्या रायफलीवर करा. शरीर विसरतं, पण वेळ घेतं.

कॅल्गरीकर:
नेम_नाशिक ताई, तुमचे उपकार कसे फेडू? सव्वा महिन्याने लिहितो आहे. पहिल्या दिवशी सहकाऱ्याच्या .३०० वर दहापैकी सात नकली काडतुसांना टोक झुकलं. एकदा तर इतकं खाली गेलं की समोरच्या वाळूच्या पोत्यावर आपटलं. सहकारी काही बोलला नाही, फक्त रायफल उचलून पेटीत ठेवली आणि मला .२२ दिली.

गेल्या शनिवारी ओळखीच्यांच्या ६.५ क्रीडमूर आणि .२७० दोन्ही मारून पाहिल्या, वजनं जवळपास सारखी. .२७० वर पहिले सहा बार उत्तम, सातव्यापासून टोक पुन्हा झुकायला लागलं. क्रीडमूरवर वीस झाले तरी हललं नाही. पाठपिशवीवरून २०० मीटरवर पाच गोळ्या तळहाताखाली झाकल्या जातील एवढ्या. तेव्हा ६.५ क्रीडमूर नक्की केली, टिक्का कंपनीची टी३एक्स लाइट. युकॉनवासी, तुमची .२७० नाकारली म्हणून रागावू नका.

आता गोळीचं सांगा. तांब्याची एकसंध घ्यावी की शिशाच्या गाभ्याची? मांस माझी दोन्ही मुलं खाणार आहेत.

युकॉनवासी:
रागवायचं काय, बरोबर घेतलीत. मुलं खाणार असतील तर तांब्याची घ्या, मांसात शिशाचे कण राहत नाहीत. फक्त ती जनावरात शिरल्यावर उमलायला (पसरायला) वेग लागतो. तुमच्या ३०० मीटरच्या आत क्रीडमूरला तो पुरतो, ४५० वर पुरेल असं मी म्हणणार नाही. दोन वेगवेगळ्या बनावटींच्या पेट्या आणून बघा, कुठली तुमच्या नळीला मानवते ते नळीच सांगेल. मग त्याच काडतुसांचा मोसमभराचा साठा एकदम घेऊन ठेवा.

नॉर्डेगच्या पलीकडचा रस्ता खडबडीत आहे. गाडीतून उतरल्यावर, चढायला लागायच्या आधी, परवानगी असेल अशा जागी एक बार कागदावर काढून बघा. माझा स्कोप एकदा असाच चार बोटं सरकला होता. आणि एडका कड्याच्या टोकावर उभा असेल तर थांबा, तो पुढे येऊन गवतावर यायची वाट बघा. कड्यावरून कोसळला तर त्याच्यापर्यंत दोरीशिवाय पोचता येत नाही.